नियम ७ (ग)

अंबरनाथ पूर्व
४ जून २०२५

प्रति,
सुहासिनीबाई,
संचालिका, अभ्यासवर्ग, उल्हासनगर कॅम्प १

विषय: वर्ष २०२५-२६ साठीचा आपला अनुदान अर्ज

बाई,

आपला अर्ज मिळाला. छाननी मी केली आहे. वर्गाचं वर्षाचं भाडं, दोन शिक्षकांचं मानधन आणि दहावी झालेल्या पाच मुलांची पॉलिटेक्निकची फी, अशी मागणी आहे. ती कंपनीच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसते. जोडपत्र 'इ' मात्र बसत नाही. त्यात तुम्ही सहा मुलांच्या जीवनकहाण्या फोटोंसह दिल्या आहेत. या वर्षापासून नियम ७ (ग) लागू आहे: 'अठरा वर्षांखालील लाभार्थ्याची स्वतःची कौटुंबिक कहाणी अर्जात, सादरीकरणात किंवा कार्यक्रमात वापरता येणार नाही.' ती सहा पानं काढून अर्ज १२ जूनपर्यंत पुन्हा पाठवावा.

इथपर्यंत कार्यालयाचं. यापुढचं हाताने लिहिलं आहे, त्याची प्रत फाईलला लागणार नाही.

सोमवारपासून तुम्ही सात वेळा फोन केलात. मी मीटिंगमध्ये आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं, पण मी मीटिंगमध्ये नव्हते. बारा वर्षांनी तुमचा आवाज ऐकून मी काय बोलले असते हे मला नक्की सांगता येत नाही, आणि जे नक्की नाही ते मी करत नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर लिहून विचारा. लिहिलेल्याला तारीख असते.

मी मूळची इन्स्ट्रुमेंटेशनची. प्लांटवरचे प्रेशर गेज बरोबर आकडा दाखवतात की नाही हे तपासणं माझं काम. सामाजिक दायित्वाचं टेबल दीड वर्षापूर्वी यज्ञेश सरांनी जादा म्हणून दिलं. ते एच.आर.चे प्रमुख आणि अनुदान समितीचे अध्यक्ष. "तुला आकडेही कळतात आणि गरिबीही कळते," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. माझी डिप्लोमाची फी याच कंपनीने भरली होती हे इथे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे.

कार्यालयाने जोडपत्राचं फोनवर कळवल्यावर पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये तुम्ही विचारलंत, "हा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला गं, अनु?"

समितीने केला आहे.

अनुया


अंबरनाथ पूर्व
१६ जून २०२५

बाई,

दुरुस्त अर्ज वेळेत मिळाला. परवाच्या पाहणीचा अहवाल मी आज दिला. त्यातलं तुम्हाला कळवायला हरकत नाही.

वर्ग चांगला आहे. मी चौदा प्रश्नांचा पेपर बरोबर आणला होता, तो तुम्हाला आधी दाखवला नाही. बेचाळीस मुलांपैकी एकतीस जणांना नऊच्या वर गुण आहेत. खाली जीन्स शिवायच्या मशिनी चालू असताना हे गुण आहेत, हेही मी लिहिलं. शेवटचा प्रश्न मुद्दाम अवघड ठेवला होता. तो एकट्या करिष्माने सोडवला. तिने उत्तर आधी अंदाजाने काढलं, मग उलटं जाऊन पडताळलं. हे शिकवून येत नाही. तुमच्या पाच पॉलिटेक्निकवाल्यांत ती पहिली आहे, आणि अनुदान नाही मिळालं तर तिची फी भरणारं दुसरं कुणी नाही, असं तुम्ही मला जिन्यात सांगितलंत. ते ऐकलं आहे. जिन्यात सांगितलेलं अहवालात जात नाही.

नारळ आणि शाल परत पाठवते आहे.

स्वागतगीताचं काही नाही. पण गीत झाल्यावर तुम्ही करिष्माच्या पाठीवर हात ठेवून "सांग गं मॅडमना, घरची परिस्थिती सांग" म्हणालात आणि ती उभी राहून हात मागे बांधून सुरू झाली, तेव्हा तुम्ही ७ (ग) वाचला नाहीत, की वाचून सोडून दिलात, एवढंच मला कळेना. मी तिला थांबवून वर्तुळाच्या स्पर्शिकेवर प्रश्न विचारला. ती हसली. तुम्ही नाही हसलात.

तुमचे जागामालक हितेशभाई मला खाली भेटले. "मॅडम, बाई तो देवी है, पर देवी का भी भाड़ा लगता है ना साईं," म्हणाले. जूननंतर थांबणार नाहीत, वर कपड्यांचे गठ्ठे ठेवणार आहेत. तुमच्याकडे दुसरी जागा नाही, हे मी अहवालात 'जोखीम' या रकान्यात लिहिलं आहे.

सादरीकरण २५ जूनला, कंपनीच्या कॅन्टीन हॉलमध्ये. दहा संस्था आहेत. प्रत्येक संस्थेने एक विद्यार्थी बोलायला आणायचा आहे. मनोगत म्हणा, पण त्यात घरचं काही नको. वर्गात काय शिकलो ते सांगायचं. हे मी दुसऱ्यांदा लिहिते आहे.

अनुया


बदलापूर
२७ जून २०२५

बाई,

निकालाचं पत्र तुम्हाला कार्यालयातून जाईल. हे घरून लिहिते आहे.

काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी वेगळं सांगायला नको.

तुमचा नंबर सहावा होता. करिष्मा उभी राहिली. गणवेश इस्त्रीचा, वेणीला रिबीन. तिने सुरुवात केली, "माझे बाबा वाईट नाहीत. त्यांची सवय वाईट आहे."

दुसऱ्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं. तिसरं वाक्य तिच्या आधी मला येत होतं. आईचं मंगळसूत्र दारूपायी गहाण पडलं ती दिवाळी. पट्ट्याचा वळ शाळेच्या बाहीखाली लपवणारी मुलगी. "मला दान नको, मला वही द्या," हे शेवटचं. तुम्ही २०१३ साली माझ्यासाठी वहीच्या मधल्या पानावर लिहून दिलेलं मनोगत, स्वल्पविरामासकट. 'वही द्या'च्या आधी एक मोठा श्वास घ्यायचा हेसुद्धा तुम्ही तिला शिकवलंत.

रिद्धी मॅडम रडल्या. त्या अकाउंट्सच्या, समितीत दोन वर्षं आहेत, सहसा चहा कधी येणार एवढंच बघतात. यज्ञेश सरांनी चष्मा पुसला. हॉलमध्ये सव्वाशे माणसं होती. हे कुणाचं आहे ते तुम्ही आणि मी, दोघींनाच माहीत होतं.

प्रश्न विचारायची पाळी माझी होती. मी न विचारता पुढची संस्था बोलावू शकले असते. ते मी केलं नाही.

मी विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, शाळेची व्हॅन चालवतात. मी विचारलं, कोणत्या शाळेची, किती मुलं. तिने सांगितलं, चौदा.

"दारू पिणारा माणूस चौदा मुलांना घेऊन जातो, हे शाळेला माहीत आहे का?"

"नाही पीत ते, मॅडम."

"मग आत्ता काय म्हणालीस?"

तिने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तिसऱ्या खुर्चीवर होतात, पर्स मांडीवर. मीही तुमच्याकडे पाहिलं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं," करिष्मा म्हणाली.

तुम्ही गप्प राहिलात.

इतिवृत्तात असं नोंदलं आहे: 'विद्यार्थिनीने समितीसमोर खोटी माहिती दिली. नियम ११ नुसार संस्था तीन वर्षं अपात्र. विद्यार्थिनीस कंपनीची कोणतीही शिष्यवृत्ती देय नाही.' मजकूर मी टाइप केला.

अनुया


बदलापूर
१४ जुलै २०२५

बाई,

तुमचं आठ पानी पत्र दोनदा वाचलं.

तुमचं म्हणणं असं: नियमात मुलाची स्वतःची कहाणी नको असं होतं, म्हणून तुम्ही करिष्माची दिली नाही. दुसरी दिली. तुम्ही लिहिता, "तुझं ते मनोगत माझ्याकडे पडून होतं. इतक्या वर्षांत ते कुणाचंच राहिलं नाही असं मला वाटलं. उलट तुझ्या मनात जुनं काही जागं होईल, तू मऊ होशील, असं वाटलं."

हे तुम्ही खरंच असं समजलात, यावर माझा विश्वास बसतो. पस्तीस वर्षं तुम्ही देणगीदारांसमोर मुलं उभी करत आलात. कहाणीशिवाय कुणी हात खिशात घालतं, हे तुम्ही पाहिलेलंच नाही. एक बंद झाली तर दुसरी लावायची.

फक्त ते कुणाचंच नव्हतं हे चूक आहे. ते माझ्या वडिलांचं होतं.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून लिहिते. माझे वडील हेमचंद्र सुपरवायझर होते. कारखाना बंद झाला, आठ महिने घरी होते. एवढंच खरं होतं. मी तुम्हाला ते लिहून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली, बरं, पुढे? एवढ्यावर कोण रडणार, अनु?" आणि लाल पेनाने दारू घातलीत. पट्टा घातलात. मी सोळा वर्षांची होते, पाठांतर चांगलं होतं. बाबांना कार्यक्रमाला तुम्हीच आग्रहाने बोलावलंत. ते चौथ्या रांगेत बसले होते, आईने इस्त्री करून दिलेल्या शर्टात. माझं संपल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात याच कंपनीत स्टोअरकीपरची जागा निघाली. बाबांचा अर्ज गेला. मुलाखत घेणारा माणूस त्या दिवशी हॉलमध्ये होता. तो बाबांना म्हणाला, "काका, मुलीकडे बघून तरी सोडा." बाबा परत आले आणि त्यांनी हे हसत सांगितलं. त्यानंतर ते इथे बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. अकरा वर्षं केलं. "तुझी फी भरली गेली ना, मग झालं," यापलीकडे ते बोलले नाहीत.

तुम्ही बाबांची माफी मागायला यायचं म्हणता. येऊ नका. त्यांची इच्छा नाही.

आणखी एक. नियम ७ (ग) समितीने केला असं मी लिहिलं होतं. समितीने मंजूर केला. लिहिला मी. नियम योग्य आहे, अजूनही माझं तेच मत आहे. लिहिताना मला तुमचाच वर्ग दिसत होता, हेही खरं.

हितेशभाईंनी खोली रिकामी करून घेतल्याचं कळलं. फळा तुम्ही घरी नेला आहे, तो ओल लागणार नाही असा ठेवा.

अनुया


अंबरनाथ पूर्व
३० जुलै २०२५

बाई,

करिष्माची आई काल कंपनीच्या गेटवर आली. सखू नाव. दोन तास उभी होती, मग सिक्युरिटीने मला फोन केला. बसायला सांगितलं तर बसली नाही.

हॉलमधून बाहेर फक्त अर्धं गेलं आहे. करिष्मा बोलली ते गेलं. मी विचारलेलं आणि तिने नाकारलेलं कुणी नेलं नाही. तिच्या वडिलांच्या, हरिचंद्रच्या, व्हॅनमधून नऊ मुलं काढली. उरलेल्या पाचांचे आईबाप सकाळी त्याच्या तोंडाजवळ येऊन बोलतात. वास घेतात, असं सखू म्हणाली.

"माज्या घरवाल्यान कदी थेंब नाय घेतला, म्याडम. हलदीला सगला गाव पितो, तो सरबत पितो, त्याला लोक हसतात. आता तुमीच लिवून द्या. का त्यो पीत नाय, आन माजी पोर खोटारडी नाय."

मी म्हटलं, ती खोटं बोलली हे तिने स्वतः कबूल केलं आहे.

"बाईला वाचवाया बोलली. ह्ये तुमाला पन ठाव हाय. तुमी शिकलेल्या हाव."

करिष्मा सध्या तुमच्या जुन्या वर्गाच्या खालीच, हितेशभाईंकडे, जीन्सचे धागे कापायला बसते. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या फेरीची मुदत २२ ऑगस्ट आहे.

मार्ग एकच आहे. नियम १४ खाली कंपनी एखाद्या विद्यार्थ्याला थेट शिष्यवृत्ती देऊ शकते, संस्थेशिवाय. त्याआधी तिच्या नावावरची नोंद पुसली गेली पाहिजे. सोबत एक निवेदन जोडते आहे. पाच वाक्यं आहेत: मनोगत मी लिहिलं. मजकूर काल्पनिक होता. विद्यार्थिनीस नियमाची कल्पना नव्हती. तिचे वडील निर्व्यसनी आहेत. समितीसमोर मी गप्प राहिले. याखाली तुमची सही हवी. एक प्रत व्हॅनच्या पालकांना वाटता येईल.

सही केलीत तर संस्था तीन वर्षं नाही, कायमची अपात्र होईल. नियम ११ (ख). इतर कंपन्याही आमची यादी मागवतात. म्हणजे यापुढे तुम्हाला कुणाच्याही अनुदानावर वर्ग चालवता येणार नाही. हे तुम्हाला नंतर कळलं असं व्हायला नको, म्हणून लिहिलं.

अनुया


अंबरनाथ पूर्व
८ ऑगस्ट २०२५

बाई,

सही केलेलं निवेदन मिळालं. परत पाठवते आहे.

सहीच्या खाली तुम्ही हाताने जोडलं आहे: 'हेच मनोगत मी २०१३ साली अनुया हिच्यासाठी लिहिलं होतं. तेव्हाही ते खोटं होतं. तिचे वडील हेमचंद्र यांचीही मी अपराधी आहे.'

हे तुम्ही मनापासून लिहिलं असेल. मला अडकवायला लिहिलं असेल असंही एकदा मनात आलं, पण तसं नसावं. दोन्ही असलं तरी फरक पडत नाही. ती ओळ राहिली तर समिती २०१३ ची फाईल उघडेल. त्यात खोट्या माहितीवर फी घेतलेली मुलगी मी आहे, आणि आज नियम लिहिणारीही मीच आहे. २५ जूनला मला सगळं ओळखू आलं होतं आणि तरी मी एका सोळा वर्षांच्या मुलीला सव्वाशे माणसांसमोर प्रश्न विचारत राहिले, हे त्या ओळीवरून कुणालाही काढता येईल.

तुम्हाला वाटेल, मग काढू दे. तुमचा प्रश्न आहे. मी ते निवेदन समितीपुढे ठेवणार नाही. करिष्माची मुदत २२ तारखेला संपते.

नवी प्रत जोडली आहे. सहीखाली काही लिहू नका. पाकिटावर तिकीट लावलं आहे.

बाबांना तुमचं कोणतंही पत्र मी दाखवलेलं नाही. आधीचंही नाही. त्यांची इच्छा नाही असं मी लिहिलं होतं, ते त्यांना न विचारता.

अनुया


बदलापूर
१९ सप्टेंबर २०२५

बाई,

दुसरं निवेदन १३ ऑगस्टला मिळालं होतं. त्यात फक्त सही होती. पोच द्यायला उशीर झाला.

करिष्माच्या नावावरची नोंद रद्द झाली. शिष्यवृत्ती मंजूर झाली. २१ ऑगस्टला तिचा प्रवेश झाला, इन्स्ट्रुमेंटेशनला. शाखा तिनेच निवडली, मी सुचवली नव्हती. हरिचंद्रच्या व्हॅनमध्ये सहा मुलं परत आली आहेत. तीन आली नाहीत.

निवेदनाच्या प्रती सखूने स्वतः घरोघर नेऊन दिल्या. त्यामुळे कॅम्पमध्ये तुमच्याविषयी काय बोललं जातं ते माझ्या कानावर आलं आहे. अमितच्या आईने तुमच्या दारासमोर येऊन तमाशा केला तेही कळलं. अमितची फी तुमच्याच अर्जात होती. तो आणि बाकीचे तिघे यात बसू शकले नाहीत, नियम १४ खाली वर्षाला एकच जागा आहे.

वार्षिक अहवाल छापायचा आहे. यज्ञेश सर म्हणाले, "अनुया, आकडे छान आहेत, पण चेहरा कुठे आहे?" मागच्या आठवड्याच्या बैठकीत ७ (ग) वगळला. आता पालकांची लेखी संमती असली की कहाणी चालते. दुरुस्ती मीच टाइप केली. जोडपत्र 'इ' सकटचा तुमचा पहिला अर्ज आज जसाच्या तसा मंजूर झाला असता.

अहवालात करिष्माचा फोटो जाणार आहे. २६ तारखेला त्याच हॉलमध्ये तिचं मनोगत आहे. सखूने संमतीच्या कागदावर अंगठा न देता सही केली, हल्लीच शिकली आहे. मजकूर मी लिहून दिला. त्यात एकही शब्द खोटा नाही, प्रत्येक वाक्य मी तिच्याकडून तपासून घेतलं. एका शिक्षिकेने खोटं बोलायला लावलं. कंपनीच्या काटेकोर नियमांमुळे सत्य बाहेर आलं. वडिलांची इज्जत परत मिळाली. तुमचं नाव घातलेलं नाही, तशी गरजही नाही.

काल ती पाठ करून दाखवायला घरी आली होती. बाबा बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर ते उठून गॅलरीत गेले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

करिष्माने कागदाच्या तळाशी पेन्सिलने एक ओळ जोडली होती. बाईंनी मला तीन वर्षं फुकट शिकवलं, रविवारी जेवायलाही घातलं. ही कुठे बसते का मॅडम, असं तिने विचारलं.

मी खोडरबर मागितलं. तिने दप्तरातून काढून दिलं.

अनुया